फुकट दिलेलं राज्य

"आई, ही भावना चीटिंग करते!" चाळिशीला टेकलेला धनेश लॅपटॉपसमोरून ताडकन उठला. "स्वतःची सगळी शहरं हिने देवेशला फुकट देऊन टाकली. हा कुठला खेळ?"

रविवारचं जेवण झालं की धोंडूबाईची तिन्ही मुलं राज्यांचा खेळ मांडून बसत. एकाची पाळी झाली की लॅपटॉप दुसऱ्याकडे. धनेशला जिंकायला एकच पाळी उरली होती. आणि भावनाने मान वर न करता, बंदरांसकट आपलं अख्खं राज्य धाकट्या भावाच्या नावावर केलं होतं.

धोंडूबाईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नसे. शाळा तिने दुसरीतच सोडलेली. पण भांडण मिटवायचं तिनेच, तेही तिच्या रीतीने. ज्याची तक्रार, त्यानेच नियम सांगायचा. तिच्यासमोर एकदा बोललं की तो सगळ्यांना लागू, बोलणाऱ्याला आधी. खेळलेली चाल मागे घ्यायची नाही, हा नियम धनेशचाच. त्याच्यापायी मागच्या महिन्यात तोच हरला होता.

"बोंबलू नको," धोंडूबाई पान जुळवत म्हणाली. "मी बहिरी न्हाय."

धनेशने आवाज आवरला. आज भावनाला दुखवून चालणार नव्हतं. वडिलांच्या मागे वाटणीत निजामपुऱ्यातले यंत्रमाग देवेशकडे गेले होते. टेमघरची जागा धनेशची. तिथे त्याला गोदाम उठवायचं होतं. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव तेवढं आडवं येत होतं. खारबावला तिच्या सासरी जाऊन तो दोनदा ऐकवून आला होता, 'माहेर हवं असेल तर भावाला नाही म्हणू नये.' शेवटी ती कबूल झाली. उद्या हक्कसोडीवर सही. रीतीप्रमाणे बहिणीला द्यायची साडी आईनेच पसंत केली होती. पिशवी टीव्हीशेजारी तयार होती.

तरी त्याच्या जिवाला चैन नव्हतं. सकाळी मायलेकी मागीलदारी कोळंबी सोलत बसल्या होत्या. तो गेला तशा गप्प झाल्या. भावनाचा चेहरा तेव्हापासून उतरलेला.

म्हणून तो देवेशवर घसरला. "तूच तिच्या कानाशी लागला असशील!"

"मी? दादा, तिने राजीखुशीने दिलं. मला घ्यायला काय होतंय?"

"राजीखुशी म्हणे! ती भोळी आणि तू लबाड. बहिणीकडून असं उपटायला लाज नाही वाटत?"

देवेश हसला. "हरायला आलास म्हणून बहीण आठवली का रे?"

"दोघं बी गप!" धोंडूबाईने अडकित्ता आपटला. "धनेश, तक्रार तुझी. नियम बोल."

धनेशने क्षणभर विचार केला. "ज्याचं जे आहे, ते त्याने दुसऱ्याला फुकट सोडायचं नाही."

"आन राजीखुशीने सोडलं तर?"

"तरी नाही. राजीखुशी कशी काढतात ते मला माहीत आहे."

"आन घेणारा?"

"त्याने हात लावायचा नाही. देणारा बाद आणि दिलेलं रद्द."

"आजपुरता का कायमचा?"

"कायमचा! या घरात कुणीच नाही. तुझी शपथ, आई."

"देवेश?"

"हो बाबा, कायमचा."

"भावने?"

भावनाने नुसती मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. धनेशला चुटपुट लागली. खेळच तो, आपण उगाच ताणलं. उद्या सही झाल्यावर हिला हॉटेलात जेवायला न्यावं, असं त्याने मनाशी ठरवलं.

धोंडूबाईने सावकाश विडा तोंडात सारला आणि लेकीकडे वळली.

"भावने, खेळातनं तू बाद. दादाच्या नियमाने उद्याची सही बी बाद. ती साडी मात्र आजच घेऊन जा गो, सकाळी कोळंबी सोलताना शिकवलं अगदी तसंच खेळलीस."