मागच्या दाराची कडी

चक्रीवादळाच्या इशाऱ्याचा भोंगा सुरू झाला तेव्हा आर्डिथ केसिंजर बटाटे सोलत होती. तिने शेगडी बंद केली, रेडिओ उचलला आणि नवऱ्याला हाक मारली. मर्लने ओ दिली नाही. तो गल्लीतल्या बाकीच्या पुरुषांसारखाच पुढच्या अंगणात कमरेवर हात ठेवून नैर्ऋत्येकडे बघत उभा होता. आभाळ शेवाळी झालं होतं, वारा पार पडला होता. कॅन्ससमध्ये असा वारा पडला की बायका तळघराकडे निघतात आणि पुरुष अंगणात येतात.

मागच्या दारावर थाप पडली. मागच्या ट्रेलरमध्ये राहणारी म्हातारी लव्हॉन हॉइट पायरीवर उभी होती, कडेवर नात होती. चाकांवरच्या त्या पत्र्याच्या घराला तळघर कुठलं? एरवी भोंगा झाला की मुलगा दोघींना गाडीत घालून चर्चच्या तळघरात नेई. आज तो कामावरून आला नव्हता.

"तुझ्याकडेच थांबू का गं?" लव्हॉनने विचारलं.

आर्डिथ हो म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला खालची खाट आठवली.

"एक मिनिट हं," ती म्हणाली. "जिन्यात सामान पडलंय, तुमचा पाय अडकेल." लव्हॉनने पाऊल उचलायच्या आत तिने दार लोटलं आणि कडी घातली. कडी नसती तर म्हातारी तिच्या मागोमाग खाली उतरली असती.

मर्ल तळघरात राहायला लागून तिसरा हिवाळा सरला होता. आर्डिथने हे कुणालाच कळू दिलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही. रविवारी ती त्याच्या दंडाला धरून चर्चमध्ये शिरायची. गेल्याच महिन्यात तिथल्या बायकांनी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून केक केला होता, आणि सगळ्यांसमोर मर्लने तिला घास भरवला होता.

खाली येऊन ती भराभर आवरू लागली. दोरीवरचे शर्ट ओढले, दाढीचं सामान डब्यात कोंबलं, विजेची छोटी शेगडी आणि तिच्यावरचं पातेलं कपाटामागे सरकवलं. पहिली गार पडली तेव्हा तिला वाटलं, वर काहीतरी फुटलं. मग एकदम सगळ्या छपरावर धोंडे कोसळल्यासारखा आवाज सुरू झाला. त्या आवाजातही मागच्या दारावरच्या थापा तिला ऐकू आल्या. उशी अजून खाटेवरच होती. तिने आधी उशी उचलली. मग खाटेची घडी केली, ती घर तापवायच्या भट्टीमागे उभी केली आणि तिच्यावर गोधडी टाकली.

ती धावत वर आली तेव्हा थापा थांबल्या होत्या. मर्ल त्या दोघींना पुढच्या दाराने आत आणत होता. लव्हॉनने नातीला पोटाशी धरून पाठ वर केली होती, म्हणून मुलीला काही लागलं नव्हतं. म्हातारीचं कपाळ मात्र फुटलं होतं. रक्त भुवईवरून ओघळून मुलीच्या केसांत उतरत होतं.

मर्लने बायकोकडे पाहिलं. "मागच्या दाराला कडी कशी?"

आर्डिथने पुढे होऊन मुलीला कडेवर घेतलं.

"वाऱ्याने लागली असेल," लव्हॉन म्हणाली.

वारा तेव्हा नव्हताच. मर्लने म्हातारीला आधार देऊन जिना उतरवला. ती खालच्या पायरीशी डगमगली तसं तिला आडवं करायला हवं हे सगळ्यांनाच कळलं. तो सरळ भट्टीमागे गेला आणि खाट काढून तिच्या नेहमीच्या जागी भिंतीलगत मांडली. गोधडी पसरली, उशी झटकून डोक्याशी ठेवली, न बघताच हात लांब करून खिळ्यावरचा टॉवेल काढला आणि आर्डिथच्या हातात दिला. इतका वेळ त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

वीज गेली. वरून मालगाडी जावी तसा आवाज आला, घर हललं, आणि आवाज उत्तरेकडे निघून गेला. रेडिओवरचा माणूस गावांची नावं घेत होता. त्यांत आता त्यांचं गाव नव्हतं. छप्पर जागेवर आहे का ते बघायला मर्ल वर गेला. नात आजीच्या पायाशी झोपून गेली होती.

आर्डिथ खाटेशी गुडघ्यांवर बसून टॉवेल कपाळावर दाबत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, मर्लला उन्हाळ्यात कधीतरी खाली गारवा बरा वाटतो.

लव्हॉनने डोळे मिटलेलेच ठेवले.

"अगं, तुमच्या तळघराची ती बारकी खिडकी माझ्या मोरीसमोरच येते," ती म्हणाली. "हिवाळाभर दिवा दिसतो मला. तो एकटा बसून जेवतो तेही दिसतं. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे पोरी. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही."

आर्डिथचा चेहरा कानांपर्यंत तापला. केक आठवला, आणि तो घास भरवताना टाळ्या वाजवणाऱ्या बायका.

वर मर्लची पावलं मागच्या दारापर्यंत गेली. कडी निघाल्याचा आवाज आला.

"कडीचं मात्र मी कुणाला सांगायची नाही," लव्हॉन हळूच म्हणाली.

रक्त केव्हाच थांबलं होतं. आर्डिथ टॉवेल दाबून तशीच बसून राहिली.