नाव घेतलं की दार उघडतं

गेममधल्या दाराचा प्रोग्रॅम सारिकानं एकट्या उजव्या हातानं लिहिला. ती धुळ्याच्या सासरहून माहेरी आली तेव्हापासून तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. ती कशानं मोडली, हे जळगावच्या या घरात तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. आल्यागेल्याला तिचा भाऊ हितेंद्र आपणहून सांगून टाकायचा, "पायरीवरून पडली."

"झालं का आत्या?" मयुरी खुर्चीच्या पाठीवर लोंबकळत होती. हितेंद्रची ही तेरा वर्षांची पोर. ठोकळ्यांच्या गेममध्ये महिनाभर खपून तिनं घर बांधलं होतं. भिंती न फुटणाऱ्या काळ्या दगडाच्या. वर एक पिवळी खोली आणि तिच्यावर पाटी, 'आत्याची खोली'. खऱ्या घरातली आत्याची खोली आता मयुरीच्या अभ्यासाची झाली होती. सारिका हॉलमध्ये झोपायची. त्या पिवळ्या खोलीत ती रोज एकदा चक्कर मारून यायची. दुसरं काही नसलं की माणूस एवढ्यावरही हुरळतो.

"झालं. बरोबर पासवर्ड टाकला की दार पाच सेकंद उघडेल, मग आपोआप बंद. तीनदा चुकला की कायमचं कुलूप. पासवर्ड काय ठेवू?"

"त्यात विचारायचं काय?" मोनालीवहिनी सुपातली तूरडाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "नव्या घराच्या दारात काय म्हणतात? नाव घे म्हणतात. ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं नाव टाकायचं."

मयुरीनं टाळ्याच पिटल्या. मागच्या वर्षी काकाच्या लग्नात तिनं नव्या काकूला उंबऱ्यावर अडवलं होतं, नाव घेतल्याशिवाय आत सोडलं नव्हतं. सारिकानं मुकाट्यानं यादी केली. आईपुढे जीवराम. वहिनीपुढे हितेंद्र. हितेंद्रपुढे मोनाली. स्वतःच्या नावापाशी तिचा हात थांबला, तेव्हा मयुरीनंच पुढे वाकून 'योगेंद्र' टाइप केलं.

उद्या योगेंद्रकडची चार माणसं धुळ्याहून सारिकाला न्यायला येणार होती. मी जाणार नाही, असं तिनं घरात तीनदा सांगितलं होतं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं होतं आणि मग जेवायची पानं घेतली होती.

"थांबा, व्हिडिओ काढतो." हितेंद्र मोबाइल घेऊन उभा राहिला. "मयुरीच्या घराची वास्तुशांत आहे."

पहिला मान आजीचा. मंदाबाईंनी पदर सारखा केला आणि सुनेच्या वयाच्या होऊन म्हणाल्या, "केळीच्या पानावर वाढला भरताचा घास, जीवरामरावांचं नाव घेते नातीसाठी खास." मयुरीनं नाव टाइप केलं. दार उघडलं, आजीचा बाहुला आत गेला, हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग मोनाली. तिचंही दार उघडलं.

मग सारिका.

तिनं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर अक्षरांऐवजी चांदण्या उमटल्या. खाली आलं, 'चूक'.

"काय टाकलंस?"

"माझं नाव."

"तुझं कसं चालेल आत्या?" मयुरी हसली.

सारिकानं दुसऱ्यांदा टाइप केलं. मयुरीचं नाव. चूक.

"आत्या, आता एकदाच राहिलं! तूच लिहिलंयस, मग कायमचं कुलूप लागेल. तुझी खोली आत आहे ना!" पोरीचा आवाज रडवेला झाला. तिला सारिका खरोखरच आत हवी होती. या घरात तसं वाटणारी ती एकटीच होती.

"घे न माय नाव," मंदाबाई म्हणाल्या. "नाव घेतल्यानं काय जीभ झडते का तुही? कवाची ते पोरगी वाट पाहून राहिली."

"मोठ्यानं घे," हितेंद्र मोबाइल जरा जवळ आणत म्हणाला. "आणि हसून. पोरीचा विरस करू नको."

सारिकानं मयुरीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहून हसता येत होतं.

"योगेंद्ररावांचं नाव घेते, मयुरीच्या घरासाठी," ती म्हणाली आणि उजव्या हातानं एकेक अक्षर दाबलं.

दार उघडलं. टाळ्या पडल्या. सारिकाचा बाहुला धावत आत शिरला, जिना चढला, पिवळ्या खोलीत जाऊन उभा राहिला. खाली दार लागलं.

हितेंद्र मोबाइलवर बोटं फिरवत होता. थोड्या वेळानं तो टुंग वाजला.

"बघितला त्यांनी," तो म्हणाला. "योगेंद्ररावांना पाठवला व्हिडिओ. म्हटलं बघा, हसत नाव घेतेय, मनात काही राहिलेलं नाही. उद्या अकराला गाडी घेऊन येतायत."

सारिकानं आईकडे पाहिलं. मंदाबाईंनी सूप पुढ्यात ओढून घेतलं आणि डाळीतले खडे शोधू लागल्या. निवडून झालेली डाळ होती ती.

"आत्या, चल बाहेर ये," मयुरी म्हणाली. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं. "आता पप्पांची पाळी."

सारिकाचा बाहुला जिना उतरून दारापाशी आला. आतल्या बाजूला नाव टाकायला जागाच नव्हती. तो दारावर आपटला, मागे सरला, पुन्हा आपटला.

"आतून उघडायचं लिहायचं राहिलंच," सारिका म्हणाली. "मयुरी, थांब जरा. आत्ता लिहिते. दोनच ओळी लागतील."

मोनाली उठली. हात पदराला पुसून तिनं लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आतून कशाला लागतंय उघडायला?"