काचेची साक्ष

सकाळी कुमुदिनीबाईंनी चहाचे भांडे विसळून पालथे घातले, देवापुढची वात सारखी केली आणि टेबलापाशी येऊन बसल्या. तडा गेलेला लॅपटॉप समोर होता आणि कंपनीचा दुरुस्तीवाला देवरुखकर त्याच्या काचेची साक्ष वाचत होता. हल्लीच्या काचा आपल्यावर पडलेला प्रत्येक दाब लक्षात ठेवत. खर्च कोणाचा, ही भांडणे त्यामुळे लवकर मिटत.

"काकू, हा आपटलेला नाही," तो म्हणाला. "रोज एकाच जागी दोन तळवे फिरलेत. गालांवरून फिरवावेत तसे. त्यानंच काच थकली."

बाईंनी हात पदराखाली घेतले. कॅनडात हॅलिफॅक्सला असलेल्या लेकीशी, मृण्मयीशी बोलणे संपले, की तिचा चेहरा पडद्यावर क्षणभर रेंगाळे. तेवढ्यात त्या तिची अलाबला घेत, कानशिलांवर बोटे मोडत.

"लॅपटॉप मुलीच्या नावावर, तक्रारही तिचीच. त्यामुळे ही साक्ष तिच्याकडे जाणार."

"सगळी?"

"तक्रार मागे घेतली तर नाही. पण मग खर्च तुमचा."

कालच मृण्मयी म्हणाली होती, "आई, तुला एकटं वाटत असेल तर सांग. नोकरी सोडून येते."

बाईंनी तिला फोन लावला. "अगं, माझ्याच हातून पडला तो. ओशाळले, म्हणून बोलले नाही. तक्रार मागे घे बाई."

"काच बदलू?" देवरुखकरने हळूच विचारले.

"राहू दे. दिसतंय तेवढं पुरे."

तो गेल्यावर त्यांनी खुर्ची उचलली, पडद्याला हात पोचणार नाही इतकी मागे ठेवली आणि तिथून नीट दिसते का, ते बसून पाहिले.