मासूमाखालाचा वाडगा

होडीनं निघालो होतो ऑस्ट्रेलियाला. तिथल्या सरकारनं धरून टाकलं नाउरू बेटावरच्या छावणीत, त्याला सहा वर्षं झाली. आमच्यातनं शेवटी ऑस्ट्रेलियाला निघाला कोण, तर शेरअली, तोही मूतखड्याच्या ऑपरेशनला. मी म्हणलं, "लेका, एखादा खडा मला पण दे की."

सकाळी गाडी त्याला घेऊन फाटकाबाहेर पडली, तशी त्याची आई मासूमाखाला वाडगा घेऊन मागं धावली आणि तिनं तो रस्त्यावर उपडा केला. आमची पाचावर धारण बसली. आम्हा अफगाणिस्तानातल्या हजारा लोकांत निघणाऱ्याच्या मागं पाणी ओततात, म्हणजे माणूस हटकून माघारी येतो.

"खाला, डोकं फिरलं काय तुझं?" मी ओरडलो. "एक सुटला कसाबसा, त्यालाही परत बोलावतेस?"

"बोंबलू नको, मुडद्या," खाला म्हणाली. "पोरगं निघालं आणि आईनं वाडगा उपडा केला नाही, असं कुठं असतं का? पण रस्ता बघ की, भिजलाय का कुठं? पाणी मी आधीच पिऊन टाकलं. आणि थेंब राहू नये म्हणून वाडगा ओढणीनं पुसला, दोनदा."