जशीच्या तशी

"हलू नका हं, काका." डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी दोन बोटांनी सरळ केली, दोन पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे आणि शेजारच्या गाडीकडे पाहिलं. डॉक्टर दातांचे. जुन्या गाडीचा नाद लागून त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि गाडीच्या जाळीतली घाण ते दात कोरायच्या हत्यारांनीच काढत. आज जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा होती.

म्हातारा हलला नाही. एकतीस वर्षं त्याने हीच गाडी जुन्या साहेबांकडे चालवली होती. तेव्हा अंगात स्वतःचा रेघारेघांचा शर्ट असायचा आणि पायात काहीच नसायचं, पेडल पायाला कळलं पाहिजे म्हणून. ड्रायव्हरला टोपी घेऊन देतील असले साहेब नव्हतेच, त्यांनी स्वतःच्या डोक्यालाही कधी घेतली नाही. आता मात्र पितळी बटणांचा पांढरा कोट, नवे कोरे बूट, आणि मिशीला सकाळी डॉक्टरांनी टूथब्रशने फासलेला काळा कलप. ऊन चढलं तसा घामाबरोबर कलप ओठांवर उतरू लागला होता. त्याची कडवट चव म्हाताऱ्याच्या तोंडात जात होती.

पण कबूल झाला होता तोच. परीक्षकांनी विचारलं की "जशीच्या तशी आहे" म्हणायचं, आणि मग मैदानाला एक फेरी मारताना स्टीअरिंग त्याच्या हातात. त्या एका फेरीसाठी तो पहाटेची बस पकडून आला होता. बसमध्ये प्रत्येक वळणावर त्याचा डावा पाय आपोआप क्लच दाबत होता.

आणि इथे येऊन बघतो तर काय, ओल्या पोतेऱ्याच्या रंगाची गाडी लालभडक झालेली. डाव्या दिव्यामागचा पोचा गेला होता. फाटकाच्या खांबाला घासून तो त्यानेच पाडला होता आणि महिनाभर बोलणी खाल्ली होती. साहेबांच्या सिगारेटचा डाग गेला होता. स्टीअरिंगवर त्याच्या अंगठ्याने पडलेला खळगा गेला होता, कारण स्टीअरिंगच नवं होतं. खिडकीतून वाकून त्याने आतला वास घेतला. साहेबांच्या कुत्र्याचा, बाईंच्या अत्तराचा, कशाचाच वास उरला नव्हता. दाढ काढायला बसवतात त्या खुर्चीसारखा वास येत होता.

परीक्षक भिंग घेऊन आले. "या दारावरच्या स्क्रूंच्या खाचा एका रेषेत नाहीत," ते म्हणाले. डॉक्टरांचा चेहरा स्वतःचीच दाढ ठणकल्यासारखा झाला.

"आणि मूळ रूपाला पुरावा?"

"हे काय, इथे उभे आहेत. एकतीस वर्षं यांच्या हातात होती. विचारा तुम्ही."

परीक्षकांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काय हो, काही फरक वाटतो का?"

म्हाताऱ्याला लाल पत्र्यात एक काळ्या मिशीचा टोपीवाला दिसला. कोण कुठला. "जशीच्या तशी आहे," तो म्हणाला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. जुने साहेब चिक्कू होते, तोंडाने फटकळ होते, पण त्यांनी त्याला कधी खोटं बोलायला लावलं नव्हतं.

परीक्षकांनी लिहून घेतलं. मग तेच भिंग घेऊन ते त्याच्या टोपीपासून खाली उतरत गेले. "पोशाख ठीक. बूट मात्र नवे आहेत. अर्धा गुण कमी."

"तरी मी म्हणत होतो," डॉक्टर पुटपुटले, जसे काही बूट म्हाताऱ्यानेच हट्टाने आणले होते.

फेरीची वेळ झाली. म्हातारा बुटांच्या नाड्या सोडायला वाकला, तेवढ्यात गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. स्टीअरिंगवर डॉक्टर बसले होते, मागे प्रमुख पाहुणे.

"काका, तुम्ही इथेच थांबा. मालकानंच चालवावी असं पाहुण्यांचं म्हणणं पडलं. तुमची फेरी पुढच्या वर्षी नक्की. आणि दाराला हात लावू नका, कलप लागेल."

पुढच्या वर्षी. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला. दात उपटल्याचं कळूही नये इतक्या सफाईने तोंडाला पानं पुसली होती. म्हातारा नाड्या तशाच ठेवून सरळ झाला.

डॉक्टरांनी स्टार्टर दाबला. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"एक," परीक्षक म्हणाले. तिसऱ्यांदा सुरू झाली नाही तर गाडी बाद, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. डॉक्टरांनी अ‍ॅक्सिलरेटर भराभर मारला. पेट्रोलचा वास सुटला.

"दोन."

हा वास मात्र जुना होता. उन्हात उभी राहिली की ही बया पेट्रोल पिऊन अशीच तुंबायची. चोक आत ढकलायचा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, सोडायचा नाही, दहा आकडे मोजायचे आणि मग स्टार्टर. साहेबांनाही हे कधी जमलं नाही.

डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा गाडीच्या रंगाचा झाला होता. "काका, काय झालं हो हिला? पूर्वी असं करायची का? काय करायचं, सांगा ना."

परीक्षकांची पेन्सिल कागदावर टेकली होती. नव्या बुटात म्हाताऱ्याच्या उजव्या पायाची बोटं आपोआप खाली दाबली गेली आणि तशीच राहिली. कलपाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता, तो पुसायलाही त्याने हात उचलला नाही. हलू नका म्हणून सांगितलं होतं.

"जशीच्या तशी आहे, डॉक्टरसाहेब," तो समोर बघत म्हणाला.