अस्तरावरच्या रेघा

विरलेलं अस्तर उसवायला शिंप्याने कोट उलटा केला आणि थबकला. आतल्या बाजूला, खालून वर, शाईच्या पाच आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे तारीख.

"ताई, हे कसलं हो माप? इतकी वर्षं शिवतोय, पण असलं कधी पाहिलं नाही."

"अगंबाई, थांबा! तेवढं काढू नका." बाईने लेकीला जवळ ओढलं. "हिची उंची आहे ती. मी कोट घालते, ही आत शिरून मला टेकून उभी राहते. देवाच्या दयेने वाढतेय भराभर."

शिंपी हसला. "का, भिंती संपल्या जगातल्या?"

"आमच्या संपल्या, काका. खोली सुटली, तेव्हा भिंत कशी आणणार बरोबर? आता स्टेशनवर राहतो, तिथे लिहू देत नाहीत."

"पण थोडेच दिवस," लेक घाईने म्हणाली. "आई म्हणते, रेघ खांद्याला पोचायच्या आत आपलं घर होणार."

शिंप्याने पुन्हा कोटाकडे पाहिलं. सगळ्यात वरची रेघ आणि खांद्याची शिवण यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जागा उरली होती.