हिरवी टिकली

बाहेर पारा उणे तीसवर होता आणि सभागृहात पालिकेची माणसं बेघरमुक्त शहराच्या आराखड्यावर नागरिकांची मतं मागवत होती, म्हणजे केक खात होती. पुलाखाली तंबूत राहणाऱ्या डोरीनच्या तळहातावर सूत्रधार बाईंनी मत नोंदवायची हिरवी कागदी टिकली ठेवली. "उपाय जिथे दिसेल तिथे चिकटवा हं, आजी." फळ्यावर 'संवाद', 'समन्वय', 'सक्षमीकरण' असले शब्द नटूनथटून उभे होते. डोरीनने ते वाचले, नाक मुरडलं आणि टिकली भिंतीवरच्या हीटरला चिकटवली. "हा हॉल रात्री रिकामाच असतो ना?" "अहो, रंग जाईल त्याचा," म्हणत बाईंनी ती नखाने खरवडून काढली. "मुद्दा मात्र छान मांडलात." टाळ्या पडल्या. सभा संपताच रखवालदाराने सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं. "हीटर चालूच राहिला की रे," डोरीन म्हणाली. "रात्रभर चालूच ठेवतात, मावशी. नाहीतर नळ गोठतात."